अन्नछत्राच्या दारावरचा सिंह

अन्नछत्राच्या दारावर सिंह चढला आणि भुकेली माणसं दारातूनच परत फिरू लागली!

सिंह रंगवलेला होता, खरा नव्हे. सोनगिरीच्या राजा रणधवलाचं ते सरकारी अन्नछत्र. आजवर त्याच्या दारावर एक वेडंवाकडं पातेलं आणि त्यात पळी, एवढंच चित्र होतं. दूरदेशी शिकून आलेल्या चित्रभानू नावाच्या कलापंडिताने ते पाहिलं आणि नाक मुरडलं.

"महाराज, यातून राज्याचं तेज प्रकट होत नाही! सगळंच कसं दरिद्री दिसतं!"

झालं! दरबाऱ्यांची सभा बसली. एक म्हणाला, सिंह हवा. दुसऱ्याने सिंहाला मुकुट घातला, तिसऱ्याने मुकुटामागे सूर्य उगववला आणि चौथ्याने पंजात तलवार दिली. रंग केशरी असावा की शेंदरी, यावरून तर दोन प्रधानांची बोलचाल बंद झाली. अन्नछत्रात अन्न असावं, हे मात्र कुणालाच सुचलं नाही. उलट धुराने सिंह काळवंडेल म्हणून चुली पेटवायलाच बंदी घातली!

लोकांना वाटलं, इथे आता तुरुंग झाला. कुणी म्हणालं, शस्त्रं ठेवलीत. एका म्हातारीने तर लांबूनच पहारेकऱ्याला विचारलं, "का रे बाबा, आत सिंह पाळलाय का? त्याचं खाऊन उरलं तर देशील का घासभर?"

एके दिवशी राजा आपलं नवं चिन्ह पाहायला आला. बघतो तर पंगतीची जागा ओस!

"लोक का येत नाहीत?" तो गरजला.

"अभिरुची कच्ची आहे प्रजेची, महाराज," चित्रभानू म्हणाला. "सिंह आणखी मोठा करू. आयाळीला सोनेरी कड देऊ!"

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. ती साळू होती, अन्नछत्रात भाकऱ्या थापणारी. चुली विझल्यापासून बिचारी रिकाम्या परातीपाशी बसून असायची.

"कोण हसलं?"

"मी, महाराज. भुकेल्या माणसाला आयाळ दाखवायची म्हणजे, ती काय कालवणात घालून खायची?"

दरबारी दचकले. राजाचे कान लाल झाले. हट्टाला पेटला की तो कुणाचा नव्हता.

"फार शहाणी आहेस! मग तूच दे नवं चिन्ह! अक्षर न येणाऱ्याला ते कळलं पाहिजे. आपली भाषा न येणाऱ्याला कळलं पाहिजे. आणि आंधळ्यालासुद्धा कळलं पाहिजे! शिवाय त्यावर माझं नाव हवं. उद्या दुपारपर्यंत जमलं नाही, तर अन्नछत्र मोडून इथे हत्ती बांधीन!"

"आंधळ्याला दिसणारं चित्र!" चित्रभानू खदखदून हसला. "बाई, रंग कुठले आणू तुझ्यासाठी?"

"रंग राहू द्या तुमच्या दाढीला. मला सरपण द्या, पीठ द्या आणि लसूण द्या."

"पण धूर! माझा सिंह!"

"दे तिला," राजा म्हणाला. "बघू तरी काय दिवे लावते!"

दुसऱ्या दिवशी दुपारी राजाच्या माणसांनी तिघांना चौकात आणून उभं केलं. एक डोंगरातला अडाणी मेंढपाळ, एक अरबी घोडेवाला, ज्याला इथला शब्दही कळत नव्हता, आणि एक आंधळा भजनी. तिघेही सकाळपासून उपाशी. गावात नवखे. "बघा कुठे काय ओळखता येतंय ते," एवढंच त्यांना सांगितलं. अरबाला तर तेवढंही कळलं नाही.

साळूने तेव्हाच गरम तेलात लसूण टाकला. चर्रर्र! खमंग वास चौकभर पसरला. धुरांड्यातून धूर निघाला, भाकऱ्या थापल्याचा थपथप आवाज येऊ लागला.

मेंढपाळाने धुराकडे पाहिलं आणि तो सरळ चालू लागला. आंधळ्या भजनीने मान वर केली, दोनदा श्वास ओढला. "इथं जेवण आहे, पाव्हणं!" म्हणत तो काठी टेकत निघाला. अरब तर दोघांच्याही पुढे जाऊन मांडी ठोकून बसला! त्यांच्या मागोमाग गल्लीबोळातून माणसं आली, पोरंबाळं आली. बघता बघता पंगत भरली.

"फसवणूक!" चित्रभानू ओरडला. "हे चिन्हच नव्हे! कलेच्या कोणत्याही शास्त्रात हे बसत नाही!"

"शास्त्रात नसेल बसत," साळू म्हणाली, "पण माणसं बसलीत ना!"

राजाला हसू येऊ लागलं होतं, पण हट्ट अजून सुटत नव्हता. "थांब! माझं नाव कुठे आहे?"

साळूने ओठांवर बोट ठेवलं. "ऐका, महाराज."

पंगतीत तीच म्हातारी बसली होती. पहिला घास गिळून तिने हात जोडले. "रणधवल राजाचं भलं होवो रे बाबा!" शेजारचा म्हणाला, "रणधवल राजा शंभर वर्षं जगो!" पंगतभर तेच सुरू झालं.

"भिंतीवर लिहिलं असतं, तर वाचता येणाऱ्यानेच वाचलं असतं," साळू म्हणाली. "आता आंधळासुद्धा घेतोय तुमचं नाव. पुसायचं म्हटलं तर पुसताही यायचं नाही!"

राजा असा हसला की त्याचा मुकुट तिरका झाला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने साळूला दिलं. "आजपासून हे अन्नछत्र तुझ्या हाती! आणि हा चित्रभानूही तुझ्याच हाताखाली!"

साळूने पंडिताला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गोल काढता येतो का हो?"

"येतो की!" तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "एकदम अचूक!"

"मग धुवा हात आणि बसा परातीपाशी!"