पाणवठ्यावरचा वासा

एकदा एका तलावाच्या पाण्यावरून पाच गावांत डोकी फुटली. त्यात एका शिष्याच्या सख्ख्या काकांचा उजवा हात कायमचा अधू झाला. पुढे गावांनी त्याच शिष्याला पाणीवाटपाची घटना लिहायला सांगितले. सभा चार दिवसांवर होती. ती मोडली तर काठ्या पुन्हा निघणार, हे सर्वांना ठाऊक होते.

शिष्याने जीव ओतून चाळीस कलमे लिहिली. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यावर देखरेख्या, देखरेख्यावर पंच, पंचांवर महापंच. महापंचावर कोण, येथे मात्र त्याची मती कुंठित झाली. तो गुरुजींकडे गेला. गुरुजींनी मसुदा न उघडताच कोनाड्यात ठेवला आणि एका लाकडी वाशावर चार चार बोटांवर खाचा पाडून तो पाणवठ्यासमोर तलावात रोवायला सांगितले.

शिष्य चक्रावला. काकांचा हात आठवून त्याला रागही आला. गावे पेटायला टेकली आहेत आणि गुरुजींना सुतारकाम सुचते आहे, असे पुटपुटत त्याने वासा रोवला. दोन दिवस काहीच घडले नाही. त्याला काही म्हणता काही उमगेना.

तिसऱ्या सकाळी म्हशी घेऊन आलेली एक म्हातारी वाशाकडे पाहत थबकली. पाटकऱ्याला म्हणाली, "काल सांजेला नऊ खाचा उघड्या व्हत्या, आज धा. पाळी तर कुनाचीच नव्हती. मंग पानी गेलं कुठं?"

पाटकऱ्याने उंदरांच्या बिळांवर खापर फोडले.

"येताना बघितलं म्या. बिळातलं पानी नेमकं तुझ्या व्याह्याच्याच उसात निघालं व्हय?"

लोक हसले. काठी कुणीच उचलली नाही. पाटकऱ्याने मान खाली घालून व्याह्याची पुढची पाळी रद्द केली.

तेव्हा शिष्यासोबत काठावर उभे असलेले गुरुजी म्हणाले, "बाळ, पाणी किती आहे हे एकट्या पाटकऱ्यालाच कळणार, असे तू धरून चाललास. म्हणून एकावर दुसरा पहारेकरी नेमत गेलास. घटना लिहिण्याआधी लोकांना काय दिसते ते पाहावे. जे दिसते, त्याचा जाब ते स्वतः विचारतात. जे दिसत नाही, त्यासाठी कलमे लिही."

"मग तळाचा गाळ?" शिष्याने गोंधळून विचारले. "त्यानेही पाणी घटते, पण तो वाशावर कुठे दिसतो?"

"त्याला पंच हवेतच. पण त्यांनी मोजलेले चावडीवर वाचून दाखवावे लागेल."

शिष्याने परत येऊन कोनाड्यातला मसुदा काढला. मग तो एकेक कलम खोडत गेला, चाळीसांतली नऊ उरली. त्यांच्या वर त्याने नवे लिहिले: पाणवठ्यावरचा वासा कुणीही झाकू नये, मोडल्यास त्याच दिवशी नवा रोवावा.

सभेत हे कलम वाचले गेले, तेव्हा सर्वांत आधी काकांनी हात वर केला. डावा.