चारी बाजूंनी काच

प्राणिसंग्रहालयं प्राणीच चालवायचे आणि बघायलाही प्राणीच यायचे, त्या काळातली ही गोष्ट. दगडोबा गोरिलाचं घर बांधायचं काम मोराकडे आलं. मोराने जीव ओतून चारी बाजूंनी काच लावली, मधोमध नाचायला चौथरा बांधला आणि थाटात वास्तुशांत केली.

दगडोबा गर्दीकडे पाठ करून बसला, तर गर्दी वळसा घालून समोर आली. तो पुन्हा वळला, गर्दी पुन्हा समोर.

"मोरसाहेब, एखादा आडोसा हवा होता हो."

"आडोसा?" मोराच्या अंगाचा तिळपापड झाला. "एवढं गाव लोटलंय तुम्हाला बघायला! मी असतो तर चौथऱ्यावरून उतरलो नसतो!"

"मग या की राहायला."

मोर पिसारा फुलवून राहायला आला. गर्दी वेडी झाली. पण भाद्रपदात त्याची पिसं गळू लागली. शेवटचं लांब पीस गळलं, नेमकी तेव्हाच मुंगसांच्या शाळेची सहल आली.

"बाई, ही कोंबडी कुठली?" एका पिल्लाने विचारलं.

मोर या काचेपासून त्या काचेपर्यंत धावला. लपायला कोपरा म्हणून नव्हता.

दगडोबाने एक हात उचलला. मोर मुकाट्याने त्याच्या काखेत शिरला. अख्ख्या घरात आडोसा असा तेवढाच होता, आणि तो मोराने बांधलेला नव्हता.