खरवडलेला ठिपका

अंगात ताप असताना अक्का शेवटच्या संध्याकाळी टेकडी चढून वेधशाळेत का गेली? धाकट्या भावाने घरच्यांना विचारले, वैद्यांनाही विचारले.

फार पूर्वीची ही गोष्ट. त्या वेधशाळेत ही थोरली बहीण एका फिकट धूमकेतूचा माग ठेवत असे. धूमकेतू कसला, काचेवर श्वास सोडल्यावर उमटते तेवढीच धुरकट खूण. तिच्याशिवाय तो दुर्बिणीतूनही कोणाला सापडला नव्हता. आभाळ मोकळे असले की ती तो शोधायची आणि ताऱ्यांच्या नकाशावर त्या जागी लेखणी दाबून शाईचा ठिपका द्यायची. असे अकरा ठिपके झाले आणि ती गेली.

भाऊ गवंडी होता. शाळेत जेमतेम एक पावसाळा गेलेला. अक्काचे सामान आणायला तो वेधशाळेत गेला, तेव्हा नकाशा उघडाच पडला होता. दहा ठिपके दोरी धरल्यासारखे ओळीत, अकरावा मात्र खाली घसरलेला. तापात हात थरथरला असणार. उद्या चार विद्वान हा कागद बघतील आणि तिला हसतील, असे त्याला वाटले. मागचापुढचा विचार न करता त्याने चाकूने तो ठिपका खरवडला आणि ओळीत नवा दिला.

पुढे आठवडाभर ढग राहिले. मग वेधशाळेच्या म्हाताऱ्या गुरुजींनी त्या ओळीच्या रोखाने तीन संध्याकाळी शोध घेतला. काही सापडले नाही. त्यांनी भावाला बोलावून जड मनाने सांगितले, की धूमकेतू पुन्हा दिसला नाही तर तो होता असे कोणी मानणार नाही. तिला भास झाला, असेच वेधशाळेच्या वहीत लिहावे लागेल.

भाऊ गप्प राहिला असता तर त्याची करणी कोणालाच कळली नसती.

"गुरुजी, शेवटचा ठिपका अक्काचा नाही," तो म्हणाला. "माझा आहे. तिचा वाकडा पडला होता, म्हणून मी ओळीत घेतला."

"आभाळात भिंत बांधायला निघाला होतास काय रे?" गुरुजी कडाडले. "सूर्याजवळ येताना धूमकेतू वळतो. तेच वळण पकडायला ती तापात टेकडी चढून आली, आणि तिने ते पकडले होते."

भावाला रडू फुटले. गुरुजींनी कागद उजेडात तिरपा धरला. शाई गेली होती, पण लेखणीच्या टोकाचा खळगा राहिला होता. भावाने तो बोटाने चाचपून दाखवला.

चौथ्या संध्याकाळी गुरुजींनी दुर्बीण त्या वळणाच्या अंदाजाने खाली, क्षितिजाजवळ आणली. बराच वेळ ते दुर्बिणीला डोळा लावून राहिले. मग बाजूला सरकले.

"ये, बघ. नजर रोखू नकोस, जरा कडेला बघ, म्हणजे दिसेल."

फिकट होता, पण होता. भाऊ तिथेच फरशीवर बसला. अक्का गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला भूक लागली.

डाग दिसू नये म्हणून नकाशा नव्याने काढू, असे गुरुजी म्हणाले. भावाने नको म्हटले. खरवडलेल्या जागेशेजारी त्याने त्यांच्याकडून लिहून घेतले, "ठिपका बहिणीचा, खाडाखोड भावाची," आणि खाली आपला अंगठा उमटवला.

तात्पर्य: आपल्या माणसाची लाज राखण्याच्या घाईत त्याचे खरे पुसू नये, आणि पुसले गेलेच, तर वेळेवर कबूल करावे.