द्वादशीचा उपास

वाघदऱ्याच्या सरकारांना चाकू जमवायचा भारी नाद. एका द्वादशीला, एकादशी सोडायच्या पंगतीआधी, त्यांच्यापुढे तबक आलं. तबकात खटका दाबला की पातं बाहेर येणारे दोन चाकू होते. एकाची मूठ साध्या शिंगाची, दुसऱ्याची सोन्याच्या वेलबुट्टीची. वेलबुट्टीचा खुद्द दिवाणजींनी आणलेला.

"संग्रहाला शोभेल आणि रोज विजारीच्या खिशातही राहील, असा एकच निवडा," सरकारांनी दाजीबा चिटणिसांना फर्मावलं.

दाजीबांनी वेलबुट्टीचा चाकू नुसता उचलला, तोच पातं आपसूक खटकन बाहेर आलं. बोट थोडक्यात वाचलं.

"बघा, किती तल्लख! धन्याच्या मनातलं ओळखतो," दिवाणजी मोठ्यानं म्हणाले आणि दाजीबांच्या कानाशी पुटपुटले, "खोट काढलीत तर उद्यापासून चिटणिशी विसरा."

नावं ठेवावीत तर नोकरी जाणार, वाखाणावा तर सरकारांची मांडी! दाजीबांनी पातं मिटलं आणि चाकू अदबीनं दिवाणजींपुढे धरला.

"सरकार, याला तोड नाही. फक्त नवी वस्तू धन्याआधी विश्वासू माणसानं वापरून बघावी. आज दिवाणजींनी हा विजारीच्या खिशात घालून पंगतीला मांडी घालून बसावं. जेवणं झाली की तो सरकारांचा."

पानं वाढून झाली. सगळे बसले, दिवाणजी मात्र उभेच.

"बसा ना, दिवाणजी."

"माफी असावी, सरकार. आज माझा उपास आहे."

"द्वादशीला?" म्हणत सरकारांनी शिंगाच्या मुठीचा चाकू खिशात टाकला आणि खुशाल मांडी घातली.