अकरा धोंड्यांचा ओटा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नावही आता कोणाला आठवत नाही.

त्या राज्याच्या सीमेवर एक खिंड होती. तिथे एकदा बारा शिपायांनी दिवसभर शत्रूला अडवून धरले. संध्याकाळी कुमक पोहोचली, तेव्हा बारांतला एकच जिवंत होता. त्याने आपल्या अकरा सोबत्यांना तिथेच मूठमाती दिली. लिहिता येत नव्हते, म्हणून प्रत्येकाच्या उशाशी त्याने एकेक निराळा धोंडा ठेवला. एक तांबूस, एक काळा, एक मधोमध भेगाळलेला. धोंडा पाहिला की त्याला नाव आठवे.

पुढे खिंडीच्या पायथ्याशी गाव वसले. माणसे लांबलांबची, त्यांना लढाई फक्त ऐकून ठाऊक. शिपाई तिथेच झोपडी बांधून राहिला. दर अमावास्येला तो एकटाच पाण्याचा तांब्या घेऊन वर जाई, प्रत्येक धोंड्यावर पाणी घाली आणि ज्याचे त्याचे नाव मोठ्याने घेई. अशी चाळीस वर्षे गेली.

मग गुडघ्यांनी दगा दिला. शिपाई काठी टेकत पाठशाळेत गेला आणि गुरुजींना म्हणाला, "पोरांना एकदा माझ्यासंगं वर पाठवा. कोण कुठं निजलाय ते दाखवतो. माझ्यामागं कुणाला तरी ठाऊक पाहिजे."

गुरुजी माणूस चांगला होता. मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण समारंभ म्हटला की त्यांना दुसरे काही सुचत नसे. म्हाताऱ्याचे बोलणे त्यांनी अर्धेच ऐकले. पाया पडून ते म्हणाले, "आजोबा, आधी पाठशाळेतर्फे तुमचा सत्कार होऊ द्या. मग वर जाऊच."

मुले तर हरखूनच गेली. अठरा कडव्यांचे गीत पाठ झाले. मग कोणीतरी म्हणाले, आजोबांना बसायला साधा पाट कशाला? ज्या खिंडीत ते लढले, तिथल्याच दगडांचा ओटा करू. सगळ्यांना ते पटले. मुले वर गेली. गवतात छानसे अकरा धोंडे दिसले, एकासारखा दुसरा नाही. मुलांनी ते उतारावरून गडगडत खाली आणले, धुतले, रचले आणि वर शेणाने सारवलेली फळी टाकली.

सत्काराच्या दिवशी शिपाई अंगणात आला आणि ओट्यासमोर थिजून उभा राहिला. तो बसेना. गुरुजींना वाटले, म्हातारा संकोचतो आहे. त्यांनी प्रेमाने दंड धरून त्याला बसवले.

त्या गावाची एक रीत होती. सत्कारमूर्तीने सूर्य मावळेपर्यंत गळ्यातला हार काढायचा नाही आणि शब्दही बोलायचा नाही. मुले साठ होती आणि हारही साठ. विसाव्या हारापर्यंत म्हातारा काहीतरी सांगत होता, पण ढोल वाजत होते. चाळिसाव्या हाराला फुले त्याच्या ओठांपर्यंत आली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, तेव्हा गाव गहिवरले. बघा, म्हणाले, केवढा आनंद झालाय.

सूर्य मावळला. हार उतरवणाऱ्या मुलीला त्याने विचारले, "पोरी, कुठला धोंडा कुठनं उचललात, ध्यानात आहे का?"

"नाही आजोबा," ती म्हणाली. "सगळे एकदमच लोटले आम्ही."

शिपाई गुरुजींकडे वळून म्हणाला, "ज्यांनी मला जगवलं, त्यांच्याच उशांवर मला बसवलंत."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो तांबूस धोंडा छातीशी धरून चढणीला लागला. मुलांना तो दुपारी अर्ध्या वाटेवर सापडला. धोंडा त्याच्या हातांतच होता आणि प्राण गेला होता.

गावाने त्याला मोठ्या मानाने निरोप दिला. गीताची अठराही कडवी म्हटली.

महिन्याभराने डोंगरापलीकडून एक थकलेली बाई आली. तिने पदराखाली आपल्या घरच्या विहिरीच्या पाण्याचा तांब्या आणला होता. ती पाठशाळेच्या दारात उभी राहून म्हणाली, "माझा भाऊ सुभाना ह्या खिंडीत पडला. इथल्या म्हाताऱ्या शिपायाला त्याची जागा ठाऊक आहे, असं आत्ता कळलं. मला तेवढी जागा दाखवा."

गुरुजींनी मान खाली घातली. मग ते स्वतः तिला वर घेऊन गेले. वर नुसते गवत होते, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे.

बाई त्या गवतात फिरफिर फिरली. पाणी कुठे घालावे तिला कळेना. शेवटी भरला तांब्या तसाच घेऊन ती डोंगर उतरून गेली.

गुरुजींनी मुलांकडून धोंडे परत वर नेले. पण कुठला कुठे ठेवायचा, हे सांगायला कोणी उरले नव्हते. अजूनही ते खिंडीच्या तोंडाशी एकाच ढिगात पडले आहेत.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या गुरुजींनो, एवढे ध्यानात ठेवा: ज्याचा मान करायचा, त्याच्या गळ्यात हार घालण्याआधी त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे.