खिरापत शेवटी असते

एका शहरात एक वयोवृद्ध माई राहत असत. भोंडल्याची गाणी त्यांच्याइतकी कुणालाच येत नसत. ती शिकायला केतकी त्यांच्याकडे येई. केतकीला घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलं होतं. आपण मुलगी आहोत हे तिने उघडपणे सांगितलं, तेव्हापासून बाग असो की जत्रा, चार माणसं मजा करताना दिसली की ती दुरूनच वाट बदलायची. तरीही एकदा बायकांबरोबर फेर धरावा, ही इच्छा काही जाईना.

नवरात्रात माई तिला सार्वजनिक बागेतल्या भोंडल्याला घेऊन गेल्या. पाटावर हत्ती काढला होता, भोवती बायका फेर धरत होत्या. केतकीने हात पुढे केला, तशी शेजारी उभ्या असलेल्या बाईने आपला हात पदराखाली घेतला.

"मी केतकी," ती म्हणाली.

"आवाज ऐकलास का गं हिचा?" ती बाई पलीकडचीला म्हणाली.

"मनगटं बघ की! अगबाई, पुरुषच आहे हा!"

भोंडला भरवणाऱ्या सरोजकाकू पुढे आल्या. "हे बघ, हा बायकांचा खेळ आहे. तिकडे कठड्याशी उभं राहून बघ हवं तर."

केतकी रडायच्या बेतात होती. आज मागे फिरले तर पुन्हा अशा ठिकाणी पाऊल ठेवायची हिंमत होणार नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

तोच माईंनी पिशवीतून खिरापतीचा डबा काढला आणि खडखड वाजवला. "ओळखा पाहू, काय आहे?"

"अहो माई, भलतंच काय!" काकू चिडल्या. "अजून एक गाणं झालं नाही. खिरापत शेवटी ओळखायची असते!"

माईंना भ्रम झाला की काय, असं केतकीला वाटलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"असं होय?" माई म्हणाल्या. "मला वाटलं, ओळखायला सुरुवात झालीच आहे. बायांनो, डब्याला तोंड नसतं, म्हणून आपण तो हलवून, वाजवून आत काय आहे ते ओळखतो. ही पोर तर स्वतःच्या तोंडाने सांगते आहे. सांगणाऱ्या माणसाला हलवून बघणं हा खेळ नव्हे, छळ आहे."

मघाच्या त्या दोघी तरातरा निघून गेल्या. सरोजकाकू मात्र खाली मान घालून तिथेच घुटमळल्या. मग म्हणाल्या, "मघाशी नाव काय म्हणालीस गं? मी ऐकलंच नाही."