दळवीकाकांचा रविवार

वस्तू बोलत असत, पण त्यांचं बोलणं फक्त वस्तूंनाच ऐकू येई, तेव्हाची गोष्ट. प्रभावळकर पतीपत्नी सहा महिन्यांसाठी लेकीकडे परदेशी गेले आणि आपली मोटार शेजारच्या दळवीकाकांच्या भरवशावर सोडून गेले.

दुसऱ्याच आठवड्यात मोटारीतली बॅटरी वैतागली. "अरे घड्याळा, बंद गाडीत वेळ बघतंय कोण? कशाला माझा जीव खातोस?"

"घोटभर तर पितो," घड्याळ म्हणालं. "तेवढ्यानं काय होतंय?"

त्यात दर रविवारी दळवीकाका येत, गाडी चालू करत, मिनिटभरात बंद करत आणि बॉनेटवर प्रेमानं थाप मारून घरी जात.

बॅटरी कपाळ बडवून घेई. "अहो काका, गाडी चालू करण्यात माझा अर्धा जीव जातो! मग तासभर फिरवून तरी आणा, म्हणजे गेलेलं भरून येईल. नाहीतर माझी ती काळी वायर सोडून ठेवा, मी गुपचूप झोपते!"

पण काकांना काय ऐकू येणार!

दसऱ्याला मालक परतले. काकांनी गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून तयारच ठेवली होती. मालकांनी किल्ली फिरवली. नुसतं 'टक्' झालं. घड्याळ विझलं. लिंबू अख्खंच राहिलं.

"एकही रविवार चुकवला नाही हो मी!" काका रडवेले होऊन म्हणाले.

"एखादा तरी चुकवायचा होतात..." बॅटरी पुटपुटली. पुढचं बोलायला तिच्यात जोरच उरला नव्हता.